डाव्या हाताचा उन्हाळा

तिकडे पॅरिसमध्ये लाल मातीवर बायकांचं टेनिस सुरू झालं, की इकडे जबलपुरात माझं कशात म्हणून लक्ष लागत नाही. मे संपत आलेला असतो. बाहेर भाजून काढणारी लू सुटलेली असते, आत कूलरमधल्या खसाचा, म्हणजे वाळ्याचा, ओलसर वास, आणि दुपारच्या जेवणाची भांडी पडायच्या आत पहिले सामने लागतात. मी कोचिंगमध्ये गणित शिकवते. सुट्टी असली की टीव्हीसमोर बसते. बसते म्हणजे नुसती टेकते. एक गेम संपत नाही तोच उठून पाणी पिते, पडदा ओढते, कूलरची टाकी भरली आहे का बघून येते, परत येते तेव्हा कोणीतरी कोणाची तरी सर्व्हिस मोडलेली असते.

"बस न एका जागी," आई म्हणते. "पळून त्या राहिल्या, आणि धाप तुला लागून राहिली."

आईचं बरोबर आहे. पण बायकांचं टेनिस हे मुळात शांतपणे बघायचं प्रकरणच नाही. पुरुषांच्या सामन्यात ज्याची सर्व्हिस त्याचा गेम, हे बरेचदा ठरल्यासारखं असतं. तिथे मधे चहा करून आलं तरी चालतं. बायकांत तसं नाही. समोरची सर्व्हिस टाकते, आणि घेणारी एक पाऊल पुढे येऊन तीच सर्व्हिस अशी परत फेकते की टाकणारीचीच पळापळ होते. आघाडी म्हणून काही टिकतच नाही. पाच-एकने पुढे असलेली मुलगी पाण्याची बाटली ठेवून उठते आणि तिचा चेहराच सांगतो, की आता हिचा हात जड झाला. त्या जड हाताची लागण मला होते. मी तळहात पुसते. कोणाच्या बाजूने आहे तेही ठरलेलं नसतं. जिचं निसटायला लागलं तिच्या बाजूची मी.

आमच्या घरी खेळाडूंची खरी नावं चालत नाहीत. ती आईला उच्चारता येत नाहीत, आणि येत असती तरी तिने घेतली नसती. तिने आपली नावं ठेवली आहेत. एक आहे, उंच, खांद्याने रुंद, चेंडू सपाट आणि जीव खाऊन मारते. ती 'धुणं आपटणारी'. दुसरीचा फोरहँड खालून वर घासत जातो आणि रॅकेट शेवटी खांद्यावर येऊन पडते, चेंडू जाळ्यावरून हातभर उंच जाऊन खाली कोसळतो आणि मातीवरून परत समोरचीच्या कानापर्यंत उसळतो. ती 'पदरवाली', कारण प्रत्येक फटक्यानंतर ती खांद्यावर पदर टाकते असं आईला दिसतं. एक 'चिरणारी' आहे, बॅकहँड कापून कापून खाली ठेवते, चेंडू उठतच नाही. आणि आईची सगळ्यात लाडकी ती, जी स्वतःहून काहीच करत नाही, फक्त घसरत जाऊन सगळं परत पाठवते, आणि प्रत्येक वेळी थोडं जास्तीचं घालून. ती 'वाटीवाली'. शेजारणीकडून आलेली वाटी रिकामी परत पाठवायची नसते, तशी.

यातली चेष्टा सोडा, पण आईची नजर चुकत नाही. मी वर्षानुवर्षं कॉमेंट्री ऐकून जे शिकले, ते ती भाजी निवडता निवडता सांगते. परवा पदरवाली हरत होती, तेव्हा म्हणाली, "हिचा पदर आज खांद्यापर्यंत जाऊनच नाही राहिला." खरंच, घाबरल्यावर तिचा फटका अर्ध्यातच थांबत होता.

शैली शैली म्हणतात ती काय असते, याचा मी फार विचार केला आहे. फळ्यावर समीकरण मांडून मुलं ते उतरवून घेत असतात तेव्हा दुसरं काय करणार. निवांत असताना सगळ्याच जणी सगळं खेळतात. चिरणारीसुद्धा आपटते, आपटणारीसुद्धा अलगद जाळ्यापलीकडे चेंडू सोडते. पण गेम जायची वेळ आली, समोर ब्रेक पॉइंट आहे, अशा वेळी हात आपोआप कुठे जातो, ती शैली. तो हात लहानपणी ज्या वाटेने गेलेला असतो त्याच वाटेने जातो. कुठल्यातरी गावातल्या भिंतीवर पाच-सहा वर्षांच्या पोरीने जे केलं असेल, ते मोठेपणी जगासमोर बाहेर येतं. मला हे इतकं ठामपणे वाटतं, कारण माझा हात त्या वाटेने गेलाच नव्हता. त्याला वाट बदलून दिली होती.

मी जन्माची डावखुरी. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि ते दुरुस्तही झालं होतं. तीर्थाला डावा हात पुढे केला की आई मनगटावर टिचकी मारायची, "चांगला हात." पोळीचा घास डाव्या हाताने उचलला, "चांगला हात." पेन्सिल, आरतीचं ताट, पाहुण्यांना द्यायचं पाणी, काकूकडून घ्यायचा खाऊ, सगळ्याला चांगला हात. कोणी रागावलं नाही, मारलं नाही. आई अधारतालच्या शाळेत मास्तरीण, लहान मुलांना वळण लावणं हे तिचं काम. तिने ते प्रेमाने आणि चोख केलं. घराबाहेरही वेगळं नव्हतं. गल्लीतल्या हिंदीत उजवा तो सीधा हाथ आणि डावा तो उल्टा. मी शहाणी मुलगी होते, सात वर्षांची होईपर्यंत सीधी झाले.

त्यामुळे बाबा मला पहिल्यांदा क्लबवर घेऊन गेले, तेव्हा मी रॅकेट उजव्या हातात धरली. मला कोणी सांगितलं नव्हतं. एवढी सुंदर नवी वस्तू, आणि ती चांगल्या हातात घ्यायची नाही तर कुठल्या? बाबा फॅक्टरीत होते, त्यांच्या साहेबांच्या ओळखीने छावणीकडच्या त्या जुन्या क्लबमध्ये मुलांना शिकायला मिळायचं. मुरुमाचं कोर्ट, चुन्याच्या रेघा, संध्याकाळी पाणी मारून रोलर फिरवला की उठणारा वास. घरून, महाराजपूरहून, सायकलने जायचं म्हणजे चांगलंच लांब, पण मला लांब वाटायचं नाही. सायकलवर निदान पाय तरी हलते असायचे.

मी बरी खेळायचे. विचित्र बरी. इतर मुलींचा फोरहँड चांगला आणि बॅकहँड लंगडा, माझं नेमकं उलटं. दोन हातांनी मारायचा माझा बॅकहँड म्हणजे क्लबात बघायची गोष्ट होती. तिथे शिकवणारे सर मोठ्या मुलांना बोलावून दाखवायचे. फोरहँड मात्र कसातरी ढकललेला. कारण साधं होतं, आज मला ते शिकवायला सांगितलं तर फळ्यावर आकृती काढून दाखवीन: दोन हातांच्या बॅकहँडमध्ये खरा जोर मागच्या हाताचा असतो, आणि उजव्या हाताने खेळणारीचा मागचा हात डावा. माझा लपलेला हात तिथे चोरून खेळत होता. पण तेव्हा हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. सर म्हणायचे, "बेटा, तुम्हारा फोरहैंड आलसी है।" मी रोज त्या आळशी फोरहँडला झोडपायचे.

आता तो उन्हाळा. दहावीची परीक्षा झालेली, निकाल लागायचा होता, आणि जूनच्या सुरुवातीला संभागाच्या, म्हणजे विभागाच्या, संघासाठी निवडीचे सामने होते. दोनच गोष्टींची वाट बघायची, आणि दोन्ही माझ्या हातात नाहीत. मी इतकी चिडचिडी झाले होते की आईने मला वाळवणाच्या कामाला लावलं. गच्चीवर कुरडया घालायच्या, कावळे हाकलायचे, उन्हं चढली की खाली यायचं. त्या दिवसांत आईला टेनिसचं काही कौतुक नव्हतं. सुकलेल्या कुरडयांचं ताट घेऊन ती टीव्हीच्या बरोबर समोरून जायची आणि मधेच उभी राहून विचारायची, "अजून हेच चालू आहे?"

एका दुपारी पॅरिसचा सामना चालू होता. एका बाजूला कोणी नावाजलेली, दुसऱ्या बाजूला एक सडपातळ, लांब हातांची मुलगी. ही मुलगी डावखुरी होती. मी तोवर डावखुऱ्या बघितल्या नव्हत्या असं नाही, पण त्या दिवशी कॅमेरा मागून लागला होता. ती कोर्टाच्या डाव्या अंगाला उभी राहून सर्व्हिस करायची. चेंडू वर जायचा, कमान वळायची, हात मागे पडायचा आणि मग खांद्यावरून सुटायचा, आणि चेंडू मातीला लागून बाहेरच्या बाहेर असा वळायचा की समोरची बिचारी कोर्ट सोडून पार फोटोग्राफर लोकांच्या पायात जायची. मग सगळं कोर्ट मोकळं. पुन्हा तेच. पुन्हा तेच. समोरचीला माहीत होतं काय येणार ते, तरी काही करता येत नव्हतं.

बाबा रात्रपाळी करून आलेले, दिवाणावर आडवे पडून अर्धवट डोळ्यांनी बघत होते. ते म्हणाले, "नीलू, कुंडमला तू असाच गोटा मारत होती."

बस, एवढंच. आणि ते कुशीवर वळले.

कुंडमला माझे मामा वनखात्यात होते, उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिथे जायचो. क्वार्टरच्या मागे आंब्याची झाडं, कैऱ्या उंच, आणि त्या पाडायला गोटे. मी गोटा डाव्या हाताने मारायचे. लांबवरची कैरी, देठाजवळ, एका फटक्यात. चांगल्या हाताचा नियम जेवणाला होता, लिहिण्याला होता, देवाला होता, देण्याघेण्याला होता. झाडावर दगड मारणं हे चांगलं कामच नव्हतं, त्यामुळे त्याला चांगला हात लावायला कोणी सांगितलं नाही. मामा हसायचे, आई ओरडायची ती कोणाच्या डोक्यात पडेल म्हणून, हाताबद्दल नाही. माझा डावा हात लहानपणभर फक्त वात्रटपणात मोकळा होता. आणि सर्व्हिस म्हणजे दुसरं काय असतं? वर बघून लांब फेकणं.

त्यानंतर मला घरात बसवेना. उन्हं कलायची वाट बघत मी पोर्चमध्ये फेऱ्या मारल्या. संध्याकाळी क्लबवर कोर्टाला पाणी मारत होते. मी मागच्या भिंतीकडे गेले, रॅकेट डाव्या हातात घेतली. मूठ चुकीची वाटली नाही, हेच आधी अंगावर आलं. चेंडू उजव्या हाताने उडवला, तो वेडावाकडा गेला, तरी डावा हात त्याच्यामागे गेला आणि फाडकन आवाज आला. भिंतीवर नाही, माझ्या खांद्यात. इतकी वर्षं उजव्या हाताने जे पाठ केलं होतं, खांदा इथे, कोपर तिथे, मनगट सैल, त्यातलं काहीच आठवावं लागलं नाही. मी अंधार पडेपर्यंत मारत राहिले. मला आनंद झाला होता असं लिहायला हवं. तसं नव्हतं. मला भयंकर राग आला होता. एवढा हात माझ्याजवळ होता, आणि मला कोणी सांगितलं कसं नाही?

सरांना दाखवलं. फौजेतून आलेले, मिशा कापलेल्या, पण आवाज अजून फौजेतलाच. त्यांनी सात-आठ सर्व्हिसेस बघितल्या. तोंडातून आधी "अच्छा!" निघालं, मग चेहरा गंभीर झाला.

"सिलेक्शन सिर पर है, और तुम हाथ बदल रही हो?"

"सर, सिर्फ सर्व।"

"सर्व के बाद क्या? बॉल वापस आएगी, बेटा। तब कौन सा हाथ?"

डाव्या हाताने सर्व्हिस केली की फोरहँडही डावा, पायांची ठेवण बदलणार, बॅकहँडचा मागचा हात उजवा होणार. सगळं घर उचलून आरशात नेऊन ठेवायचं. सर म्हणाले, सामना उजव्या हाताने खेळ, मग बघू. त्यांचं म्हणणं अगदी शहाण्या माणसाचं होतं. मी मान हलवली.

घरी जेवताना सांगितलं तेव्हा आई हसलीच. "काहून? आता वरणभात पण त्याच हातानं खाशील का?" बाबा म्हणाले, "खाऊ दे न, भात तर पोटातच जाईल." आईला ते आवडलं नाही. ती म्हणाली, "एवढी मेहनत करून हात वळवला, आता खेळासाठी परत उलटा?" मी ताट सरकवून उठले. माझ्या त्या वयातल्या भांडणांचा शेवट बहुतेक ताट सरकवण्यातच व्हायचा.

मग ते दिवस. सकाळी सूर्य वर यायच्या आत कोर्टावर उजव्या हाताने शहाण्यासारखं खेळायचं, संध्याकाळी भिंतीवर डाव्याने. अंगात दोन जणी राहायला आल्या होत्या, एक शिकलेली आणि एक रानटी, आणि दोघींना एकच रॅकेट. झोपेतही खांदा उडायचा. दुपारी टीव्हीवर ती डावखुरी पुढे पुढे जात होती, आणि मी तिच्याकडे सामना म्हणून बघत नव्हते, माझीच कोणीतरी हरवलेली वस्तू परक्याच्या घरात दिसावी तसं बघत होते. ती हरली तेव्हा मला बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

निवडीचा सामना सकाळी लवकर होता. समोर रिद्धिमा म्हणून सिहोऱ्याची मुलगी, बसने यायची, दोन वेण्या, कधी न दमणारी. आईच्या आजच्या भाषेत पक्की वाटीवाली. बाबांची पाळी होती म्हणून आई सोबत आली. माझा सामना बघायची तिची ही पहिलीच वेळ. बेलाचं सरबत बाटलीत भरून, पदर डोक्यावर घेऊन ती कडुनिंबाखालच्या बाकावर बसली, आणि कोणाला टाळी वाजवायची ते कळत नसल्यामुळे दोघींनाही वाजवू लागली.

पहिला सेट मी कबूल केल्याप्रमाणे उजव्या हाताने खेळले आणि सहजच हरले. रिद्धिमाने माझा फोरहँड ओळखला होता, ती चेंडू तिथेच पाठवत होती, पुन्हा पुन्हा, न कंटाळता. दुसऱ्या सेटमध्येही गेम जाऊ लागले. माझी सर्व्हिस आली, तिचा पहिला पॉइंटही गेला. मी डाव्या कोर्टात उभी राहिले, चेंडू दोनदा टप्पा घेऊन हातात आला, आणि मी रॅकेट हात बदलून घेतली. ठरवलं नव्हतं. सरांकडे बघितलं नाही, आईकडे तर मुळीच नाही.

चेंडू बाहेर वळला. रिद्धिमा जागची हललीही नाही. तिला वाटलं तो अंगाकडे येतोय, आणि तो चुन्याची रेघ चाटून कुंपणाला जाऊन भिडला. ती बावचळून सरांकडे वळली. "सर, ये अलाउड है?"

सर कोरड्या आवाजात म्हणाले, "अलाउड है। खेलो।"

तो गेम मी जिंकला. पुढची सर्व्हिसही. माझ्या आयुष्यात मी इतकी चांगली त्याआधी खेळले नव्हते आणि नंतरही नाही. माती उडत होती, घाम डोळ्यांत जात होता, आणि मी प्रत्येक वेळी त्या कोपऱ्यात उभी राहिले की माझ्या पोटात काहीच नसायचं, ना भीती ना विचार. पण सरांचा प्रश्न काही सुटलेला नव्हता. चेंडू परत येतच होता. रिद्धिमाला दोन-तीन गेममध्ये अंदाज आला, ती मागे सरकून उभी राहू लागली, कशीबशी वाटी परत करू लागली, आणि त्या परत आलेल्या चेंडूचं काय करायचं ते माझ्या डाव्या हाताला माहीत नव्हतं. एक फोरहँड कुंपणापार, एक जाळ्यात, एक आईच्या बाकावर. आईने तो उचलून मला आणून दिला आणि परत जाऊन बसली. मी हरले. थोडक्यात हरले, पण संघात थोडक्यात हरलेल्यांना घेत नाहीत.

सरांनी मला बाजूला घेतलं. आई शेजारीच उभी होती. ते म्हणाले, "सर्व तो कमाल है। ऐसी सर्व इस क्लब में किसी की नहीं। बाकी बनाने में दो साल लगेंगे।" ते रागावले नव्हते, आणि तेच जास्त लागलं.

ऑटोतून घरी येताना रांझीच्या वळणावर आईने एकच विचारलं, "तो चेंडू वळला कसा ग?" मी चिडून थोडक्यात सांगितलं. तिने दोन्ही तळवे एकमेकांवर फिरवून बघितलं आणि बाहेर बघत बसली.

पुढची दोन वर्षं मी डाव्यानेच खेळले. अकरावी-बारावी, सकाळी कोर्ट, दुपारी ट्यूशन. सर्व्हिस वाढत गेली. बाकीचा खेळ मात्र उशिरा शिकलेल्या भाषेसारखा राहिला. माझ्या मावसभावंडांना मराठी सगळं समजतं, पण उत्तर द्यायची वेळ आली की तोंडातून हिंदी येतं. माझा डावा फोरहँड तसाच. सगळं समजायचं त्याला, बोलताना अडखळायचा. ब्रेक पॉइंट आला की हात शिकवलेल्या वाटेने पळायचा, आणि मला तर दोन वाटा शिकवलेल्या. मग कॉलेज, एमएस्सी, कोचिंग. रॅकेट आहे अजून. रविवारी मारते भिंतीवर. बाकी खडू उजव्या हातात, घास उजव्या हातात, सगळं नीट.

पण मे आला की मी बिघडते. या मुली खेळतात, पदर टाकतात, आपटतात, चिरतात, आणि मला सारखं वाटत राहतं की यातली प्रत्येक जण पाचव्या-सहाव्या वर्षी कोणाच्यातरी नजरेसमोर चुकीचं काहीतरी करत होती आणि ते कोणीतरी करू दिलं. कोणाची वेडीवाकडी मूठ, कोणाचे दोन्ही बाजूंनी दोन-दोन हात. पुस्तकात नसलेलं. त्यालाच आज शैली म्हणतात आणि त्याच्यावर तासभर चर्चा करतात. माझा डावा हात सोळाव्या वर्षी कोर्टावर जन्माला आला. तो काय झाला असता, हे कुठल्याच समीकरणाने निघत नाही. मी खूप मांडून बघितलं आहे.

परवाची दुपार. बाबा आत झोपले होते. एक डावखुरी मुलगी खेळत होती, नवीन, जेमतेम वीस-एकवीसची. आईने तिला अजून नाव दिलेलं नव्हतं. आता आई रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली. गुडघे दुखतात म्हणून खुर्चीत पाय वर घेऊन बसते, आणि दुपारचा एकही सामना सोडत नाही. मी नेहमीसारखी उठले, पाण्याचा तांब्या उचलला.

"नीलू, खरं सांग," आई टीव्हीवरून नजर न काढता म्हणाली. "लहानपणी मी तुझा हात वळवला नसता, तर तू तिथं, तिच्या जागी, राहिली असती का?"

"छे, आई," मी म्हणाले. "तिथं पोहोचायला काय काय लागतं तुला माहीत आहे का? पैसा लागतो, परदेश लागतो. काहीतरीच तुझं." हे वाक्य मी फार वर्षांपासून तयार ठेवलं होतं, त्यामुळे ते पटकन आलं.

"मी मास्तरीण होती," आई म्हणाली. "पोरं खोटं बोलली की मला समजते."

मी तांब्या खाली ठेवला. तिच्या पायाला सूज होती, तिने सकाळीच माझ्या आवडीच्या कैरीचं पन्हं केलं होतं, आणि तिने मला प्रेमाशिवाय दुसरं काही दिलेलं नव्हतं. पण तिने खरं विचारलं होतं.

"मला माहीत नाही, आई," मी म्हणाले. "कोणालाच माहीत नाही. तेच बसू देत नाही मला."

आईने रिमोटने आवाज बंद केला. पडद्यावरची मुलगी टॉवेलला तोंड पुसत होती.

"तुला काय वाटते," ती म्हणाली, "मला खेळातलं काय समजत होतं? त्या दिवशी क्लबात तू डाव्या हातानं पहिली सर्व्हिस मारली न, तेव्हापासून पाहून राहिली मी. उलट्या हाताची पोरगी दिसली की वाटते, आता ही मला सांगेल. तू कुठपर्यंत गेली असती ते. सगळ्या जणी पाहून झाल्या माझ्या. एकही नाही सांगत."

मी तिच्या खुर्चीशेजारी खालीच बसले. ती मुलगी डाव्या कोर्टात सर्व्हिसला येऊन उभी राहिली, चेंडू दोनदा आपटला, वर बघितलं, आणि आम्ही दोघी एकदम पुढे सरकलो.